चाचांची सालं

मला सीताफळ आवडतं आणि माझ्या मैत्रिणीला आवडत नाही. बिया काढत बसायचा तिला कंटाळा येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण भर सभागृहात ती जे बोलली ते ऐकताना मला सगळ्यात आधी हेच आठवलं. राग नंतर आला.

आम्ही दोघी एकाच वर्गातल्या. बी.एस्सी.ला एका बाकावर बसलो, एका वहीवरून अभ्यास केला. वही माझी असायची. निकाल लागला त्या उन्हाळ्यात माझे वडील गेले आणि मी मिळाली ती नोकरी धरली, तीही आमच्याच कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. ती पुढे शिकली, पीएच.डी. झाली आणि काही वर्षांनी त्याच विभागात प्राध्यापक म्हणून परत आली. तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. चार माणसांत ती 'मॅडम' आणि मी 'बाई'. "बाई, तेवढ्या काचेच्या थाळ्या धुऊन ठेवता का?" "हो मॅडम." दुपारी एक वाजला की मागच्या खोलीचं दार लोटायचं, डबे उघडायचे, आणि पुन्हा 'अगं' आणि 'तू'. पंचवीसेक वर्षं हे असं चाललं. मला त्यात कमीपणा वाटला नाही असं म्हणणं खोटं होईल. वाटायचा. पण तिच्या डब्यातली अर्धी भाजी रोज माझ्या डब्यात यायची, आणि दीड वाजेपर्यंत मी ते विसरलेली असायची.

सालांचं खूळ तिच्या डोक्यातून निघालं. ते श्रेय तिचंच, मी नाकारत नाही. एकदा डबा खाता खाता म्हणाली, "अगं, चौकाचौकात ज्यूस सेंटर आहे. ही सगळी सालं कचऱ्यात जातात. त्यांतून इथेनॉल काढता येईल."

"म्हणजे दारूच की."

"इंधन म्हण. प्राचार्यांसमोर तर नक्की इंधन म्हण."

कृती ऐकायला सोपी आहे. मोसंब्या-संत्र्यांची सालं बारीक वाटायची, पाणी घालायचं. सालीत साखर असते, पण बरीचशी चिवट धाग्यांत अडकलेली. ती सोडवायला एन्झाइम घालायचं आणि मिश्रण एक दिवस ऊबेत ठेवायचं. धागे सैल पडतात, लगदा पातळ होतो, साखर मोकळी होते. मग ते गार करून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल देतं, आणि खाताना वायू सोडतं. बाटलीच्या बुचातून एक नळी काढून तिचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. पाण्यात बुडबुडे यायला लागले की समजायचं, आतली मंडळी जेवायला बसली. शेवटी सगळं तापवून वाफ गार करायची की इथेनॉल थेंबाथेंबाने बाजूला पडतं.

मी नारायण पेठेत राहते. तिथे कुठलीही बातमी जिना चढून येते. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क एकदा जिन्यात मला अडवून म्हणाले, "आपण सालांची दारू काढता असं ऐकलं. चव कशी असते?" मी म्हटलं, "अहो, चाखून सांगा ना. डोळे गेले तर मात्र आमच्याकडे येऊ नका." त्यानंतर ते महिनाभर नुसती मान डोलवायचे.

खरी गोष्ट अशी होती की तेव्हा दारूही निघत नव्हती आणि इंधनही. कॅन्टीनमधली सालं आणून आम्ही बेकरीत वापरतात ते यीस्ट घालायचो. दोन बुडबुडे यायचे आणि मग शुकशुकाट. पुस्तकात कारण दिलेलं होतं. या सालांत तेल असतं, साल डोळ्यापाशी पिळली की झोंबतं तेच. ते तेल यीस्टला मारतं. आम्ही सहा-सात वेळा करून पाहिलं, सहा-सात वेळा ओतून दिलं. ती म्हणाली, "जाऊ दे, दुसरं काही बघू." तिला लवकर कंटाळा येतो. सीताफळाचंही तेच.

त्या सुमारास मी दोन दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरात आंबूस-गोड वास भरलेला. ओट्यावर ठेवलेलं एक सीताफळ पिकून फुटलं होतं आणि त्याला बारीक फेस आला होता. दुसऱ्या कुणी नाक दाबून ते फेकलं असतं. मी मात्र प्रयोगशाळेतली बाई. फेस म्हणजे यीस्ट. हळदीची रिकामी डबी स्वच्छ उकळून घेतली, त्यात चमचाभर गर घेतला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती डबी मांडीवर धरून कॉलेजात गेले. आठ दिवस खपून, खुराकाच्या थाळीवर तारेने त्या गराच्या रेघा ओढून ओढून त्यातलं यीस्ट वेगळं केलं. खसखशीएवढे पांढरे ठिपके. त्यातला एक ठिपका निवडला आणि वाढवला.

नेमकं त्याच आठवड्यात कॅन्टीन बंद पडलं. सालं हवीत म्हणून मी स्वारगेटला बस बदलते तिथल्या एका ज्यूसच्या दुकानात विचारलं. डेपोच्या मागच्या बोळात, बॅगांच्या दुकानाला लागून ते दुकान आहे. मालकांना आजूबाजूचे सगळे चाचा म्हणतात. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, बोलताना डोळे सालीवर आणि सुरी मोसंब्याभोवती फिरत असायची. तीन पिढ्या पुण्यात, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच, अधूनमधून एखादा हिंदी शब्द.

"सालं? न्या की ताई. कचऱ्याच्या गाडीलाच देतो."

"रोज लागतील."

"रोज न्या. सकाळी या, कालची डब्यात भरून ठेवतो. झाकण लावून, व्यवस्थित."

आणि खरंच व्यवस्थित. सकाळी साडेसातला मी जायची, झाकणाचा पांढरा डबा तयार असायचा. सालं मऊ, ओलसर, निवडून ठेवलेली. बी नाही, स्ट्रॉ नाही, कागद नाही. पहिल्या डब्यातली सालं वाटून एक दिवस एन्झाइम घालून ठेवली, आणि त्यानंतरच्या सकाळी पहिल्यांदाच चाचांची सालं आणि सीताफळातलं यीस्ट एका बाटलीत गेलं. मी वहीत लिहिलं: "सालं – चाचांची. यीस्ट – सीताफळाचं." दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आधी आवाज आला. बुडबुड, बुडबुड, न थांबता. मी एवढी आनंदले की तिला विद्यार्थ्यांसमोर "अगं, ये लवकर!" म्हणून हाक मारली. तिनेही ते मनावर घेतलं नाही. आम्ही दोघी त्या बाटलीसमोर स्टूल टाकून बसलो, बाळाच्या पाळण्यासमोर बसावं तशा.

तीन दिवसांनी जे थेंब जमले त्यातले चार स्टीलच्या झाकणावर टाकून काडी लावली. निळी ज्योत, दिवसाउजेडी जेमतेम दिसणारी. ती म्हणाली, "बघितलंस? तेलाला न मरणारं यीस्ट आहे हे. पुस्तकात नाही असं. पेपर लिहायचा. आणि तुझं नाव माझ्या शेजारी. शब्द आहे माझा."

माझं नाव आजवर कुठे छापून आलेलं नाही. लग्न केलं नाही, म्हणून पत्रिकाही नाही. कॉलेजच्या मस्टरवर आहे, तेवढंच. घराचं विजेचं बिलसुद्धा अजून वडिलांच्या नावाने येतं. त्यामुळे ते वाक्य मी घरी नेलं आणि बरेच दिवस जपून वापरलं. भांडी घासताना आठवायचं, बसमध्ये आठवायचं.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. ती आम्हा दोघींनाच शोभते. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला शिकवतो की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आम्ही यीस्टही बदललं होतं आणि सालंही बदलली होती. पण यीस्ट आम्ही वाढवलेलं, सालं काय, सालं ती सालं. बेकरीच्या यीस्टला आधीच नापास केलेलं होतं, त्याला पुन्हा परीक्षेला बसवावं असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

दोन वर्षं मी ते यीस्ट सांभाळलं. विरजण जसं मोडू द्यायचं नाही, तसं. सुट्ट्या असोत की संप, दर थोड्या दिवसांनी ते नव्या खुराकावर घ्यावं लागतं. विसर्जनाच्या दिवशी आमच्या पेठेतून सायकलसुद्धा बाहेर पडत नाही. त्या दिवशी मी ढोलांच्या पथकांमधून वाट काढत स्वारगेटपर्यंत चालत गेले आणि पुढे रिक्षा केली, का, तर यीस्ट उपाशी राहील. चाचांनी त्या दिवशी दुकान बंद असूनही डबा शटरबाहेर ठेवला होता. त्यांना मी सांगून टाकलं होतं, "चाचा, हे छापून येईल तेव्हा तुमचाही उल्लेख होईल." ते हसून म्हणाले होते, "सालांचा करा, ताई. मेहनत त्यांची."

या जानेवारीत समारंभ झाला. कुठल्याशा कंपनीने मदत दिली होती आणि कॉलेजच्या मागच्या पटांगणात मोठ्या टाक्यांचं छोटं संयंत्र उभं राहिलं होतं. सभागृहात फुलं, समई, शाल-श्रीफळ. दारात प्रत्येकाला एक गुळगुळीत पुस्तिका मिळत होती. मी माझी घेतली आणि उभ्या उभ्या चाळली. पहिल्या पानावर छापून आलेल्या पेपरचं शीर्षक आणि तिचं नाव. त्याखाली प्राचार्यांचं, ज्यांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. त्याखाली कंपनीतल्या दोघांची. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात: "साहाय्य – प्रयोगशाळा कर्मचारी."

मी तरीही बसले. मनात म्हटलं, छपाईची चूक असेल. बोलताना सांगेल. माणूस स्वतःची कशी समजूत घालतो बघा.

ती बोलायला उभी राहिली. छान बोलते ती, पहिल्यापासून. म्हणाली, "या संशोधनाची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली. दोन दिवस मी घरी नव्हते. परत आले तर ओट्यावरचं एक सीताफळ फुटलं होतं, त्याला फेस आला होता. दुसरी कुणी गृहिणी असती तर तिने ते फेकलं असतं…" लोक हसले, टाळ्या वाजवल्या. हळदीची डबीसुद्धा तिने सोडली नाही. बसमध्ये मांडीवर धरलेली डबी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि तिला तर ड्रायव्हर सोडायला येतो.  मला एवढंच सुचत होतं की हिला सीताफळ आवडतच नाही, हिच्या ओट्यावर ते येईल कुठून? शेजारच्या खुर्चीवरच्या कुणाला तरी मी ते सांगणारही होते. शेवटी ती म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचंही सहकार्य मोलाचं." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. सभागृहात 'बाई' म्हणायचं हीच तर आमची रीत होती. नेमकी तीच तिने वापरली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डबा न उघडताच विचारलं. ती म्हणाली, "अगं, कर्मचाऱ्यांचं नाव घातलं की फॉर्म अडकतो. शंभर परवानग्या. आणि तू मेमध्ये रिटायरच होतेस, तुला त्याचा उपयोग काय?"

"आणि सीताफळ?"

ती म्हणाली, "गोष्ट चांगली होती गं. ओघात निघून गेली."

मी डबा उचलला आणि बाहेर जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसून एकटीने खाल्ला. त्यानंतर आम्ही एकत्र जेवलो नाही. विश्वासघात वगैरे मोठे शब्द मी वापरत नसे, ते नाटकातले वाटायचे. आता वाटत नाहीत. परक्याने लुटलं तर निदान पोलिसांत जाता येतं. हिने लुटलं तर मी कुणाला सांगणार होते? माझं ऐकणारी तीच एक होती.

संयंत्राला सालं पुष्कळ लागणार, म्हणून शहरभरच्या दुकानांतून ती टेम्पोने यायला लागली. चाचांचा डबा बंद झाला. आणि टाक्याही बंद पडल्या. पहिल्या खेपेला दोन दिवस काहीच नाही. दुसऱ्या खेपेला नाही. तिसऱ्या खेपेनंतर ती तणतणत प्रयोगशाळेत आली आणि चारचौघांत म्हणाली, "बाई, तुमचं यीस्ट दमलंय का? नीट सांभाळत नाही वाटतं आजकाल." चालत होतं तेव्हा यीस्ट तिचं होतं, थांबल्याबरोबर माझं झालं. मी म्हटलं, "बघते मॅडम." मनात म्हटलं, बरं झालं.

त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा उशिरा निघाले आणि स्वारगेटला उतरले. दोन महिने मी चाचांना तोंड दाखवलं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं की सालं आता नकोत आणि उल्लेखही झाला नाही. दुकान आवरायची वेळ होती. दोन वर्षं मी फक्त सकाळी जात होते, संध्याकाळ मी तिथे कधी पाहिलीच नव्हती.

शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. चाचांनी त्यातलं थोडं घेऊन ग्लास आणि सुऱ्या धुतल्या. मग उरलेलं सगळं उकळतं पाणी दिवसभराच्या सालांवर ओतलं. वाफेचा लोट उठला आणि बोळात मोसंब्याचा असा वास सुटला की मी तोंडावर पदर घेतला. त्यांनी वरून फळी दाबली, पाणी निथळून दिलं, पुन्हा एकदा पाणी ओतलं, पुन्हा दाबलं. खाली घमेल्यात जमलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग चमकत होता. ते पाणी त्यांनी दुकानाच्या पायरीवर शिंपडलं.

"चाचा, हे काय करता?"

"रोजचंच आहे, ताई. असं नाही केलं तर सालांवर माश्या बसतात, गांधीलमाश्या येतात. मग शेजारचा बॅगवाला ओरडतो. आणि हे पाणी पायरीवर मारलं की मुंग्या येत नाहीत."

"आम्हाला द्यायचात ती सालंही अशीच?"

"मग! घाणेरडी कशी देणार? कॉलेजात न्यायची म्हटल्यावर."

मी बाकावर बसले. त्यांनी न विचारता पाणी दिलं. घमेल्यातला तवंग मी बघत राहिले. यीस्टला मारणारं तेल ते होतं, आणि ते दोन वर्षं रोज संध्याकाळी या पायरीवर सांडत होतं.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी चार बाटल्या लावल्या. दोन बाटल्यांत कच्ची सालं, दोनांत चाचांसारखी उकळत्या पाण्यातून काढलेली. दोन्ही प्रकारांत एका बाटलीत माझं सीताफळाचं यीस्ट आणि एकीत बेकरीचं. या वेळी सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. कच्च्या सालांच्या दोन्ही बाटल्या मुक्या राहिल्या, माझ्या यीस्टचीसुद्धा. उकळलेल्या सालांच्या दोन्ही बोलल्या. आणि बेकरीचं यीस्ट माझ्यापेक्षा अर्धा दिवस आधी बोललं.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत दार लावून रडले. मैत्रिणीने फसवलं तेव्हा रडले नव्हते, तेव्हा चिडले होते. ज्याच्यासाठी विसर्जनाच्या गर्दीतून चालत गेले, ज्याच्यावर माझं नाव नाही म्हणून चार महिने जळत होते, ते यीस्ट चार यीस्टांसारखंच होतं. त्यात नाव घालण्याजोगं काही नव्हतंच. तिने माझं जे चोरलं ते मुळात रिकामं होतं, आणि हे तिलाही ठाऊक नव्हतं. वहीत मी ते लिहून ठेवलं. कुणाला दाखवलं नाही.

निरोपसमारंभात तिने माझ्याबद्दल सुंदर भाषण केलं. मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी "धन्यवाद मॅडम" म्हटलं.

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले आणि तिचा फोन आला. 'बाई' नाही, 'मॅडम' नाही. "अगं, माझं ऐक. सोमवारी कंपनीची माणसं बघायला येणार आहेत आणि टाक्या गार पडल्यात. तुला काहीतरी माहीत आहे. मी तुला ओळखत नाही का? सांग. तुझं नाव घालते. पेपरला दुरुस्ती पाठवते, यीस्ट तुझं म्हणून लिहिते, सीताफळासकट. माझ्या शेजारी, म्हटलं होतं तसं."

खरं सांगते, दोन क्षण मी मोहात पडले. नुसतं "हो" म्हणायचं होतं. तिला काय कळणार होतं? माझं नाव एकदा छापून आलं असतं, आणि खालच्या मजल्यावरच्या हेडक्लार्कना मी ते जिन्यात दाखवलं असतं. पण त्या चार बाटल्या मी माझ्या हाताने लावल्या होत्या.

"यीस्टवर माझं नाव नको," मी म्हटलं. "ते साधं यीस्ट आहे, बेकरीचंही चालेल. सालांवर दोनदा उकळतं पाणी ओत, दाबून तेल जाऊ दे, मग वाट. चालेल."

"एवढंच?"

"एवढंच. आणि हे मी शोधलेलं नाही. स्वारगेटचे ते चाचा रोज हेच करायचे. दुरुस्ती पाठवणार असशील तर त्यांचं नाव घाल. नाही घातलंस तर या वेळी मी गप्प बसणार नाही. वही माझ्याकडे आहे."

वहीचं ऐकल्यावर तिकडून कागद ओढल्याचा आवाज आला. "बरं. घालते. काय नाव त्यांचं?"

 वही समोरच होती. मी पानं उलटली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "चाचांची सालं", "चाचांची सालं". दुकानाच्या पाटीवर फक्त 'ताजा रस'. कधी रस पिऊन पैसे दिले तर स्कॅनरवर मुलाचं नाव येतं. दोन वर्षं मी त्यांच्याकडून रोज डबा उचलला आणि नाव विचारलं नाही.

"तुलाही माहीत नाही ना?" ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी परतवला असता.

"उद्या सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच गेले, सवयीने. चाचा मोसंबी सोलत होते. डबा ठेवायची जागा रिकामी होती. मी म्हटलं, "चाचा, एक विचारायचं राहिलं होतं. तुमचं पूर्ण नाव काय?"

त्यांनी सुरी थांबवली. रेशनच्या कचेरीत सांगावं तसं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव सावकाश सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. का हवंय ते त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने, दुसरं मोसंबं हातात घेत ते म्हणाले, "आणि ताई, आपलं?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट.